शून्य खून, मग सोळा : छोट्या अमेरिकन शहरांचा ‘क्राइम रेट’ कसा वाचायचा?

गेल्या महिन्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. ‘ताई, पीएचडीची ऑफर आली, फंडिंगसकट. पण बाबा नको म्हणतायत.’ खाली एक स्क्रीनशॉट होता. अमेरिकेतलं एक छोटं विद्यापीठाचं गाव, वस्ती तीस हजारांच्या आत. ‘सुरक्षित शहरां’च्या कुठल्याशा यादीत त्या गावाला ‘डी’ ग्रेड मिळाला होता. तिची दुसरी ऑफर ‘ए’ ग्रेडच्या गावातली होती, पण तिथे फंडिंग नव्हतं. म्हणजे तिच्या घरी प्रश्न असा उभा राहिला होता: पगारी पीएचडी आणि ‘डी’, की काही लाखांचं कर्ज आणि ‘ए’?

बाबांना हसू नका. मुलगी सातासमुद्रापार जाणार आणि हातात माहिती काय, तर एक अक्षर. मीही त्यांच्या जागी तेच अक्षर बघितलं असतं. पण ते अक्षर तयार कसं होतं, हे संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी उकलून बघावं. म्हणून आज कुठल्या शोधनिबंधाऐवजी या ‘क्राइम रेट’ नावाच्या आकड्याचीच चिकित्सा करूया. मी गुन्हेशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मी मक्यावरची लष्करी अळी मोजते. पण मोजणीचे खड्डे सगळीकडे सारखेच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत मी स्वतः पडले आहे.

एक खरं गाव घेऊ

आयडाहो राज्यातलं मॉस्को. युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोचं गाव. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,४३५. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांचा खून झाला. ही बातमी जगभर गेली. त्या वेळी अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, की २०१५ नंतर गावात एकही खून झालेला नव्हता. २०१५ च्या जानेवारीत एकाच माणसाने एकाच दिवशी गोळीबार करून तिघांना मारलं होतं.

आता यादी बनवणारा काय करतो ते बघा. खुनांची संख्या घेतो, लोकसंख्येने भागतो, एक लाखाने गुणतो.

२०२१: शून्य. दर लाखामागे शून्य. ‘अमेरिकेतल्या सर्वांत सुरक्षित गावांपैकी एक.’

२०२२: चार भागिले २५,४३५. दर लाखामागे १५.७. त्या वर्षी एफबीआयचा देशपातळीवरचा अंदाज ६.३ होता. म्हणजे मॉस्को देशाच्या सरासरीच्या अडीच पट ‘धोकादायक’.

बारा महिन्यांत गाव बदललं का? तेच रस्ते, तेच पोलीस, तीच माणसं. बदललं ते एवढंच, की एका घरात एक भयंकर घटना घडली. ती घटना ज्यांच्यावर कोसळली त्यांच्यासाठी ती शंभर टक्के होती, हे मी विसरत नाही. पण पुढच्या वर्षी तिथे राहायला जाणाऱ्या मुलीची जोखीम त्या एका वर्षाच्या आकड्यावरून काढता येत नाही. शून्यावरूनही नाही आणि सोळावरूनही नाही.

मग वर्षं वाढवू. २०१५ ते २०२२ अशी आठ वर्षं घेतली आणि वस्ती साधारण २५,००० धरली, तर झाली दोन लाख ‘व्यक्ती-वर्षं’. त्या दोन घटनांतले मिळून सात बळी. दर लाखामागे ३.५, देशाच्या सरासरीपेक्षा कमी. पण थांबा. सुरुवात २०१५ ऐवजी २०१६ पासून केली तर? सात वर्षं, चार बळी, दर सुमारे २.३. आणि २०१६ ते २०२१ घेतलं तर पुन्हा शून्य.

एकच गाव. दर शून्य, २.३, ३.५ किंवा १५.७. चारही गणितं बरोबर आहेत. म्हणूनच कुणी तुमच्यापुढे नुसता दर ठेवला, तर पहिला प्रश्न विचारायचा: किती वर्षांचा, आणि कुठून कुठपर्यंत?

‘शून्य’ म्हणजे किती?

इथे एक छोटं हत्यार देते, आयुष्यभर उपयोगी पडेल. संख्याशास्त्रात याला ‘तीनचा नियम’ म्हणतात. एखादी गोष्ट तुमच्या निरीक्षणात एकदाही घडली नसेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर तिच्या खऱ्या दराची वरची मर्यादा साधारण तीन भागिले एकूण निरीक्षणं इतकी असते.

२५,००० वस्तीच्या गावात एका वर्षात शून्य खून झाले. तीन भागिले २५,००० म्हणजे दर लाखामागे १२. याचा अर्थ असा, की खरा दर देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट असला तरीही एखादं वर्ष पूर्ण कोरडं जाऊ शकतं. एका वर्षाच्या शून्याने गाव सुरक्षित असल्याचं सिद्ध होत नाही. गाव छोटं आहे, एवढंच त्यातून कळतं.

यातूनच या याद्यांचा सगळ्यात मोठा दोष समजतो. ‘सर्वांत सुरक्षित दहा’ बघा, छोटी गावं. ‘सर्वांत धोकादायक दहा’ बघा, तिथेही छोट्या गावांची गर्दी. नमुना लहान असला की सरासरी दोन्ही टोकांना फेकली जाते. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये याच गोष्टीवर लेख लिहिला होता. अमेरिकेत किडनीच्या कर्करोगाचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्या काउंटी ग्रामीण आणि विरळ वस्तीच्या, आणि सगळ्यात जास्त असलेल्याही तशाच! तुम्हाला फक्त एकच यादी दाखवली असती तर तुम्ही लगेच कारण शोधलं असतं, ‘स्वच्छ हवा’ नाहीतर ‘डॉक्टर लांब’. आपल्याला कारणं फार पटकन सुचतात, हीच अडचण.

अंडी मोजायची की अंडीपुंज?

आता माझ्या शेतात या. लष्करी अळीची मादी अंडी सुटी घालत नाही, पुंजक्याने घालते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी सहज. पहिल्या हंगामात मी अंडी मोजली आणि प्रत्येक अंडं स्वतंत्र निरीक्षण धरून विश्लेषण केलं. काय सुंदर अचूकता आली होती! गाइडने एकच वाक्य लिहिलं: ‘तू अंडी मोजलीस. मादी किती वेळा आली ते मोज.’ सगळं विश्लेषण पुन्हा करावं लागलं.

मॉस्कोचंही तेच. सात बळींना सात स्वतंत्र घटना धरून पॉयसाँ वितरणाने विश्वासअंतर काढलं, तर दर लाखामागे साधारण १.४ ते ७.२ येतं. या अंतरात देशाची सरासरी बसते. म्हणजे ‘हे गाव सरासरीपेक्षा सुरक्षित आहे’ असंसुद्धा आपण ठामपणे म्हणू शकत नाही. पण ते सात स्वतंत्र नव्हतेच. घटना दोन होत्या. आठ वर्षांत दोन. दोन घटनांवरून दराचं अंतर काढलं, तर तळ आणि माथा यांत तीस पट फरक पडतो. एवढ्या रुंद अंतराला ग्रेड कसला देणार?

परीक्षेत हा प्रश्न ‘स्वातंत्र्याचं गृहीतक सांगा’ असा येतो आणि आपण पाठ केलेली ओळ लिहून मोकळे होतो. गृहीतक मोडलं की उत्तराची ताकद कशी विरघळते, ते इथे बघा.

बेरजेत सायकल आणि खून शेजारी शेजारी

बऱ्याच याद्या ‘एकूण गुन्हे’ असा एक आकडा देतात. त्यात खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी आणि साधी चोरी हे सगळं बेरजेत असतं. साधी चोरी म्हणजे दुकानातून उचललेली वस्तू, ग्रंथालयाबाहेरून गेलेली सायकल. या बेरजेत निम्म्याहून जास्त वाटा साध्या चोरीचाच असतो. म्हणजे ‘एकूण गुन्ह्यां’चा आकडा प्रामुख्याने चोऱ्यांचा असतो आणि आपण तो वाचतो मात्र खुनाच्या भीतीने.

एफबीआय स्वतः असा ‘क्राइम इंडेक्स’ काढत असे. साध्या चोऱ्यांच्या संख्येखाली गंभीर गुन्हे झाकले जातात, या कारणाने २००४ मध्ये तो बंद करण्यात आला. ज्या संस्थेने हा निर्देशांक वापरला तिनेच तो टाकून दिला, आणि वीस वर्षांनंतरही तोच नव्या रंगात विकला जातोय. शिवाय एफबीआय आपल्या आकडेवारीवरून शहरांची क्रमवारी लावू नका, असा इशारा कित्येक वर्षं देत आली आहे. इशारा वाचतो कोण?

विद्यापीठाचं गाव म्हटलं की सायकली, लॅपटॉप, दर ऑगस्टमध्ये येणारी नवी पोरं आणि न लावलेली कुलुपं. चोऱ्या जास्त होणारच. त्या ‘डी’मध्ये सायकलींचा वाटा किती, हे बाबांना कुणी सांगितलं होतं?

भाजकाकडेही बघा

आपण सगळे अंशाकडे बघतो, भाजकाकडे कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियात व्हर्नन नावाचं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २२२. दोनशे बावीस! पण ते कारखान्यांचं शहर, दिवसा हजारो कामगार तिथे येतात. समजा वर्षभरात तिथे दहा चोऱ्या झाल्या. दर लाखामागे साडेचार हजार! अंशात दिवसभर येणारी सगळी माणसं, भाजकात मात्र रात्री झोपणारी २२२.

व्हर्नन टोकाचं उदाहरण आहे, पण मॉल, मोठं हॉस्पिटल किंवा फुटबॉलचं स्टेडियम असलेल्या प्रत्येक छोट्या शहरात हेच कमी-अधिक प्रमाणात घडतं. आजूबाजूच्या चार गावांची माणसं खरेदीला येतात, त्यांच्या गाडीची काच फुटते ती या शहराच्या खात्यावर आणि लोकसंख्येत ती माणसं नाहीत.

अंश तरी खरा आहे का?

पोलिसांची आकडेवारी गुन्हे मोजत नाही. पोलिसांपर्यंत पोचलेले आणि नोंदले गेलेले गुन्हे मोजते. अमेरिकेत १९७३ पासून घरोघरी जाऊन ‘तुमच्यावर गुन्हा घडला का’ असं विचारणारं वेगळं राष्ट्रीय सर्वेक्षण आहे. त्यात अलीकडच्या वर्षांत असं दिसतं, की हिंसक घटनांपैकी निम्म्याहून कमी आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी साधारण एक तृतीयांशच पोलिसांपर्यंत जातात. मग ज्या गावात लोकांचा पोलिसांवर विश्वास जास्त, तिथे नोंदी जास्त आणि ग्रेड खाली.

त्यात मोजण्याचे नियमही बदलतात. जुन्या पद्धतीत एका घटनेत अनेक गुन्हे असले तरी सगळ्यात गंभीर असलेला एकच मोजायचा. २०१३ पासून बलात्काराची व्याख्या व्यापक झाली, त्यामुळे आकडे वर गेले. २०२१ पासून एफबीआयने घटनानिहाय नोंदीची नवी पद्धत सक्तीची केली आणि त्या वर्षी हजारो पोलीस विभागांचा डेटा आलाच नाही, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचासुद्धा. आता कुणी २०१२ ते २०२२ असा सरळ आलेख काढून ‘वाढ’ किंवा ‘घट’ म्हणालं, तर मधे किती वेळा मोजपट्टी बदलली हे विचारायला हवं.

कॅम्पसचं वेगळंच. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम या छोट्या शहरात, लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून १९९० मध्ये कायदा आला. त्यानुसार विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, त्यात मागच्या तीन वर्षांचे आकडे असतात. हा अहवाल जरूर वाचा. पण त्याची हद्द आखलेली आहे: कॅम्पस, विद्यापीठाच्या ताब्यातल्या जागा, लगतचे सार्वजनिक रस्ते. खाजगी भाड्याची घरं त्यात येत नाहीत. मॉस्कोची ती घटना कॅम्पसबाहेरच्या अशाच घरात घडली होती. आणि आपली बहुतेक मुलं दुसऱ्या सेमिस्टरपासून राहतात कुठे? अशाच घरांत.

आपल्याकडे वेगळं आहे असं समजू नका. आपल्या एनसीआरबीच्या ‘क्राइम इन इंडिया’तही एका प्रकरणातला मुख्य गुन्हाच मोजायचा नियम आहे, आणि नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं समजू नये, हा इशाराही आहे. तरी दर वर्षी ‘अमुक शहर नंबर एक’ची बातमी येतेच.

मुळात ‘शहर’ हे एकक बरोबर आहे का?

हा माझा शेवटचा आणि सगळ्यात मोठा आक्षेप. १९८९ मध्ये शर्मन आणि सहकाऱ्यांनी मिनियापोलिसमधले पोलिसांना आलेले कॉल पत्त्यानुसार मांडले. सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल आले होते. पुढे डेव्हिड वाइसबर्ड यांनी अनेक शहरांत रस्त्याचा दोन चौकांमधला तुकडा हे एकक घेऊन तपासलं. २०१५ च्या त्यांच्या लेखात मोठ्या शहरांत निम्मे गुन्हे ४ ते ६ टक्के तुकड्यांवर आणि छोट्या शहरांत तर फक्त २ ते ३.५ टक्के तुकड्यांवर आढळतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. छोट्या शहरात गुन्हे जास्तच एकवटलेले असतात. म्हणजे सगळ्या शहराला मिळून एक ग्रेड देण्यात सगळ्यात कमी अर्थ नेमका छोट्या शहरातच असतो. शेतातल्या एका कोपऱ्यात कीड आहे आणि मी एकराची सरासरी देऊन मोकळी झाले, तर शेतकरी मला काय म्हणेल?

मग याद्या फेकून द्यायच्या?

नाही. इथे आपण संशोधक मंडळी नेहमी एक चूक करतो. दोष सापडले की ‘सगळे आकडे खोटे’ म्हणून मोकळे होतो. ते आळशीपणाचं आहे. इंडियानातलं गॅरी घ्या, वस्ती ७० हजारांच्या आत. तिथला खुनांचा दर दशकानुदशकं देशापेक्षा कितीतरी वर राहिला आहे. तो काही एका वर्षाच्या योगायोगाने आलेला नाही, आणि ‘आकडेवारीत दोष असतात’ म्हणून झटकूनही टाकता येत नाही. दर वर्षामागून वर्ष एकाच बाजूला राहिला तर ती माहिती आहे. एकदाच उडी मारून खाली आला तर बहुधा गोंगाट. याद्यांचं श्रेय एवढं, की विखुरलेला डेटा त्या एका जागी आणतात. पण अक्षर देऊन त्या नेमकी अनिश्चितता पुसून टाकतात, आणि निर्णय घेणाऱ्याला तीच तर हवी असते.

ज्युनियरला मी ग्रेड बदलून दिला नाही. तिला कामाला लावलं. दोन्ही गावांचे दहा वर्षांचे आकडे गुन्ह्याच्या प्रकारानुसार वेगळे काढ. दर लिहायच्या आधी शेजारी मूळ संख्या लिही. दोन्ही विद्यापीठांचे सुरक्षा अहवाल वाच. स्थानिक पोलिसांची दैनंदिन नोंद असेल तर महिनाभराची बघ, कुठल्या रस्त्यावर काय घडतं. तिथल्या भारतीय मुलींशी बोल. आणि रस्ते विसरू नकोस. २०२२ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत ४२ हजारांहून जास्त माणसं गेली, खुनांच्या आकड्याच्या दुपटीच्या आसपास. फूटपाथ नसलेलं, बस सातला बंद होणारं ‘ए’ ग्रेडचं गाव हिवाळ्यात किती सुरक्षित असेल?

तिने दोन दिवसांत तक्ता केला. ‘डी’च्या गावात दहा वर्षांतल्या नोंदींचा बहुतांश भाग चोऱ्यांचा निघाला. हिंसक गुन्ह्यांत दोन्ही गावांमधला फरक इतका लहान होता, की त्यावर काहीच ठरवता येत नव्हतं. ‘ए’ चांगलं ठरलं नाही, ‘डी’ही नाही. ‘ताई, म्हणजे निष्कर्ष काहीच नाही?’ मी म्हटलं, हाच निष्कर्ष. या डेटावरून दोन गावांत फरक करता येत नाही, मग निर्णय दुसऱ्या गोष्टींवर घ्यायचा.

तक्ता बाबांनी बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. मग त्यांनी एकच विचारलं, ‘रात्री लॅबमधून घरी कशी येणार?’

बघा, पूर्ण यादीत नसलेला हा पहिला नीट प्रश्न. त्याला जागा आहे, वेळ आहे, माणूस आहे, आणि त्याचं उत्तर शोधता येतं. रात्रीची शटल कितीपर्यंत, लॅबपासून घर किती लांब, मधला रस्ता कुठला. ऑफर स्वीकारायची मुदत १५ एप्रिलची आहे. ती आता शटलचं वेळापत्रक घेऊन बसली आहे.